गाडी आपोआप चालेल, हप्ता कोण भरेल?

दुपारची कामं उरकून रेडिओ लावला असेल, तर थोडा वेळ माझ्यासाठी ठेवा. आज विजेवर चालणाऱ्या मोटारीबद्दल बोलायचंय.

आमचा बचत गट चटण्या आणि मसाले करतो. माल बाजाराला न्यायला टेम्पो भाड्याने करावा लागतो आणि नफ्यातला मोठा वाटा त्यातच जातो. म्हणून दिवाळीनंतरच्या बैठकीत विषय निघाला, की कर्ज काढून गटाचीच विजेची गाडी घ्यावी. एक विक्रेता माहिती द्यायला आला. त्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यात स्टिअरिंग आपोआप फिरत होतं. आमच्या एक काकू म्हणाल्या, "मग ड्रायव्हरचा पगार वाचला की!" सगळ्या हसलो. पण ती सोय असलेली गाडी साध्या गाडीपेक्षा कितीतरी महाग होती आणि हप्ता आमच्याच बचतीतून जाणार होता. तेव्हा ठरवलं, तीन गोष्टी समजल्याशिवाय सही करायची नाही. गाडी एका चार्जिंगमध्ये किती जाते? बिघडली तर काय? आणि ती खरंच स्वतः चालते का?

पहिली गोष्ट अंतराची. कंपनी सांगते तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. तिथे घाट नसतो, खड्डे नसतात, पाच बायका आणि डिकीत मसाल्याची पोतीही नसतात. टाटाची टियागो ईव्ही २०२२ मध्ये आली, तेव्हा २४ युनिटच्या बॅटरीवर ३१५ किलोमीटर सांगितले होते. हे युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच युनिट. महिंद्राच्या बीई ६ या गाडीची मोठी बॅटरी ७९ युनिटची, तिचा आकडा ६८२. नेक्सॉन ईव्हीच्या ४५ युनिटच्या बॅटरीचा ४८९. पण याच नेक्सॉनसाठी कंपनी रोजच्या वापरातला दुसरा आकडाही देते, ३५० ते ३७० किलोमीटर. म्हणजे रुपयातले बारा आणे धरा.

आम्ही एक छोटी गाडी चालवून पाहायला मागितली. विक्रेत्याचा माणूस चालवायला आणि आम्ही चौघी बसलो, माल भरला, एसी लावला आणि घाट चढून बाजाराला जाऊन आलो. ९६ किलोमीटरला बॅटरी १०० टक्क्यांवरून ४६ वर आली. हिशेब केला, तर पूर्ण चार्जिंगला १८० किलोमीटरसुद्धा भरत नव्हते. घाट चढताना टक्के भराभर उतरले, उतरताना थोडे परत मिळाले. कारण उतारावर मोटरच वीज तयार करून बॅटरीत भरते. आमच्या बाजाराला जाऊन यायला एवढं अंतर पुरतं. मग ६८२ च्या आकड्यासाठी जास्तीचं कर्ज का काढायचं?

घरच्या साध्या चार्जरवर अशी छोटी गाडी भरायला रात्र जाते. म्हणून तुमच्याकडे रात्री वीज किती वेळ असते, ते आधी बघा. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. आणि शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावू नका, ते नियमात बसत नाही.

दुसरी गोष्ट टिकाऊपणाची. विजेच्या गाडीत इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, फिरणारे भाग कमी. त्यामुळे किरकोळ दुरुस्ती कमी. पण बॅटरी हाच सगळ्यात महाग भाग. तिची वॉरंटी बहुतेक ठिकाणी ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. मोठ्या कंपन्याही चुकतात. अमेरिकेच्या जनरल मोटर्सला बॅटरीला आग लागण्याच्या धोक्यामुळे २०२१ मध्ये बोल्ट ही सगळीच्या सगळी गाडी परत बोलवावी लागली. म्हणून विचारायचं ते हे, की सर्व्हिस सेंटर गावापासून किती लांब आहे, आणि गाडी रस्त्यात बंद पडली तर ओढून न्यायचा खर्च कोणाचा? उत्तर कागदावर लिहून घ्या.

आता तिसरी गोष्ट, काकूंच्या ड्रायव्हरची. स्वतः चालण्याच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या आहेत, शाळेतल्या इयत्तांसारख्या. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या महागड्या गाड्या दुसरीत आहेत. त्या पट्टा धरून चालतात, पुढच्या गाडीपासून अंतर राखतात, वेळेला ब्रेक लावतात. पण नजर आणि जबाबदारी चालकाचीच. टेस्लाचे इलॉन मस्क २०१९ मध्ये म्हणाले होते, की पुढच्या वर्षी चालकाविना दहा लाख टॅक्सी धावतील. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेत ऑस्टिनला त्यांची सेवा सुरू झाली, तेव्हाही पुढच्या सीटवर कंपनीचा माणूस बसवावा लागला. वेमो कंपनीच्या विजेच्या टॅक्सी काही अमेरिकन शहरांत खरोखर चालकाविना धावतात, पण आधी बारकाईने नकाशे काढलेल्या ठरावीक भागातच.

आपला रस्ता आठवा. पांढरा पट्टा पुसलेला, समोरून दिवा नसलेली उसाची ट्रॉली, मध्येच शेळ्या. पट्टाच नसेल, तर गाडी धरणार काय? आपोआप लागणारा ब्रेक कामाचा आहे, स्वस्तात मिळाला तर घ्या. पण "गाडी स्वतः चालते" या शब्दांसाठी लाखो रुपये मोजू नका.

आमच्या गटाने छोट्या, साध्या गाडीसाठी कर्जाचा अर्ज दिलाय. वाचलेल्या पैशातून दोघींची ड्रायव्हिंग शाळेची फी भरली. त्यातल्या एक म्हणजे त्याच काकू. त्यांचं शिकाऊ लायसन्स आलंय. परवा क्लच सोडताना गाडी तीनदा बंद पडली, चौथ्यांदा चालली. परत आल्या आणि म्हणाल्या, "ड्रायव्हरचा पगार वाचलाच म्हणायचा!"

तुमच्या पुढच्या बैठकीत गाडीचा विषय निघाला, तर हे तीन प्रश्न मांडा. आणि चौथा आपल्याला विचारा, की आपल्यातली चालवायला कोण शिकणार?