पडद्यावरची चिठ्ठी
तारळी-कृष्णेच्या संगमावरील उंब्रजच्या बाजारपेठेत ज्यांच्या गल्ल्याशेजारी संगणक आला आहे, त्यांनी ३१ मार्चच्या हप्त्याचे किंवा खताच्या मागणीचे स्मरण रोजमेळाच्या समासात कोंबण्याऐवजी विंडोजमधील ‘स्टिकी नोट्स’ उघडून कंट्रोल व एन या कळा एकत्र दाबल्या, तर उमटणाऱ्या पिवळ्या चौकोनात देवनागरीतही टिपण करता येते. पडद्यावरच्या या चिठ्ठीची कागदी, चिकटणारी थोरली बहीण १९८० साली अमेरिकेत सर्वत्र विक्रीस आली. तिचा गोंद मात्र संशोधक स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्येच, खरे तर भक्कम गोंद शोधताना, गवसला होता. पडद्यावरच्या चिठ्ठीचा एक दोष मुलाहिजा न ठेवता सांगितला पाहिजे: ती नुसती दिसते, वेळ झाली म्हणून घंटा वाजवीत नाही, सबब, मुदत टळल्यास दंड पडेल अशा कामासाठी मोबाइलचा गजर लावावा.