मीठ माशाला, टाकीला नव्हे



उन्हाळी व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य, राजकारण हे विषय ठरलेले. संयोजकांनी यंदा एक संध्याकाळ घरच्या मत्स्यालयाला दिली, त्यांचे आभार. विषय मे महिन्याचाच आहे. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, मासे मलूल होतात आणि दुकानात विचारायला जावं तर पहिला सल्ला मिळतो, "मूठभर खडेमीठ टाका." सल्ला मुळात खोटा नाही. फक्त किती आणि कुठे, हे विचारायचं राहून जातं. टाकीत हौसेनं पाणवनस्पती लावलेल्या असतील, तर सगळं या दोन प्रश्नांवरच ठरतं.

आधी माशाचं बघू. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्ताचा खारटपणा लिटरमागे साधारण ९ ग्रॅम मिठाइतका असतो. भोवतालच्या पाण्यात क्षार जवळपास नाहीतच. त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सतत आत झिरपतं आणि क्षार बाहेर निसटतात. मासा ते पाणी पातळ लघवीवाटे टाकत राहतो आणि निसटलेले क्षार कल्ल्यांतल्या खास पेशींनी परत ओढून घेतो. इतक्या विरळ पाण्यातूनही क्षार असे ओढता येतात, हे डॅनिश शरीरशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी १९३०च्या दशकात प्रयोगांनी दाखवलं. या कामाला ताकद लागते. धडधाकट माशाला ती पुरते. जाळ्यात खवले खरवडले, अंगावरचा बुळबुळीत थर गेला, शेपटी कुरतडली गेली, की गळती वाढते. पाण्यात लिटरला २ ग्रॅम मीठ असेल, तर आतल्या-बाहेरच्या खारटपणातलं अंतर कमी होतं आणि वाचलेली ताकद जखम भरायला लागते. फुटक्या होडीतलं पाणी उपसणाऱ्याला मीठ हात देतं, होडीचं भोक मात्र बुजवत नाही.

आता वनस्पती. जावा फर्न, अनुबियास, व्हॅलिस्नेरिया थोडं मीठ सोसतात. काबोम्बासारख्या मऊ पानांच्या वनस्पतींना लिटरला २-३ ग्रॅम मीठ बरेच दिवस राहिलं, तर पानं काचेसारखी पारदर्शक होऊन गळतात. गळलेली पानं कुजतात, पाण्यात अमोनिया वाढतो, आणि ज्या कल्ल्यांना आराम द्यायचा होता तेच भाजून निघतात. फिल्टरमध्ये अमोनिया शोषणारं झिओलाइट असेल तर आणखी एक धोका: मीठ पडलं की ते धरून ठेवलेला अमोनिया परत सोडतं.

म्हणून आजारी मासा उचला आणि वेगळ्या टबात ठेवा. २० लिटरचा स्वच्छ टब, त्यात मूळ टाकीचंच पाणी, हवेचा पंप, लपायला कुंडीचा तुकडा. दर लिटरला २ ग्रॅम, म्हणजे ४० ग्रॅम मीठ. चमच्यानं मोजू नका, खडेमिठाचा आणि बारीक मिठाचा चमचा सारखा भरत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. तांब्याभर पाण्यात विरघळवून दिवसभरात तीन वेळा थोडं थोडं ओता. कोरीडोरस, लोच असे बिनखवल्यांचे किंवा तळाशी राहणारे मासे असतील, तर लिटरला १ ग्रॅमपासून सुरुवात करा. मॉलीला मात्र चिंता नाही, ती समुद्राच्या पाण्याशीही जुळवून घेते. टबात मुरलेला फिल्टर नसतो, म्हणून रोज निम्मं पाणी बदला. १० लिटर काढलंत तर नव्या १० लिटरमध्ये २० ग्रॅम मीठ घाला.

यावर जाणकार विचारतील, सगळ्या टाकीतच रोग पसरला असेल तर? व्हाइट स्पॉटचं उदाहरण घेऊ. रव्यासारखे दिसणारे ते ठिपके म्हणजे कातडीखाली बसलेला एकपेशीय परजीवी. तिथे मीठ पोचत नाही. पोसला की तो गळून तळाशी जातो, एकाचे शेकडो होतात आणि ती पिल्लं पोहत मासा शोधतात. मीठ मारतं ते या पोहणाऱ्यांना. आणि दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही, तर ती मिठावाचूनही मरतात. तेव्हा ठिपके नसलेले मासेही धरून सगळे टबात हलवा, तिथे लिटरला ३ ग्रॅमपर्यंत मीठ न्या, रोज तळ साफ करा. टाकी दोन आठवडे माशांविना राहू द्या. उबदार पाण्यात परजीवीचं चक्र लवकर फिरतं, त्यामुळे आपल्याकडच्या मे महिन्यात हीटरही लागत नाही.

टाकीतच मीठ घालावं असा प्रसंग एकच, नायट्राइटचा. नव्या टाकीत नायट्राइट वाढतं, कल्ल्यांतून रक्तात शिरतं, रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा वर येऊन तोंड उघडतो. नायट्राइट ज्या वाटेनं आत जातं, तीच क्लोराइडची वाट आहे. क्लोराइड भरपूर असलं की नायट्राइटला जागा मिळत नाही. नायट्राइटच्या दहापट क्लोराइड ठेवावं, असा अंदाज वापरतात. लिटरमागे ५ मिलिग्रॅम नायट्राइट असेल, तर १०० लिटरच्या टाकीला ८-९ ग्रॅम मीठ पुरतं. एवढ्यानं कुठलंच पान गळत नाही. पण विष त्यानं नाहीसं होत नाही, पाणी बदलावंच लागतं.

शेवटी उन्हाळ्यातली मेख. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. पातळी खाली गेली म्हणून प्रत्येक वेळी मीठ घालून पाणी ओतणाऱ्याची टाकी नकळत खारट होत जाते. आटलेल्या पाण्याची भर साध्या पाण्यानं करा. मीठ घाला ते फक्त बदललेल्या पाण्यापुरतं. आणि मासा बरा झाला की "असू दे थोडं" म्हणून रोजच्या टाकीत चिमूट टाकायची सवय लावून घेऊ नका. निरोगी माशाला त्याची गरज नाही आणि तुमच्या बागेला ते झेपणारं नाही.