घोडीचें कुरण आणि चंडोलाचें घरटें

भीमा-नीरेच्या खोऱ्यांतील भीमथडी घोड्यांचा लौकिक मराठ्यांच्या स्वाऱ्यांपासूनचा आहे. आज तीं जनावरें मुख्यतः धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाडाचें ओझें वाहतात. लहान शेतकऱ्यानें अशी एखादी घोडी पैदाशीसाठीं पाळली, तर तिला प्रथम हवें कुरण. आणि नेमकें तेंच पडीक म्हणून नांगरलें जातें.

घोडी सुमारें ११ महिन्यांनीं विते. गर्भांत असतां शिंगराला मातेची रोगप्रतिकारक शक्ति मिळत नाहीं. ती चिकांतूनच मिळते. म्हणून जन्मानंतर दोन-तीन तासांत चीक त्याच्या पोटांत गेलाच पाहिजे. त्यासाठीं घोडी सुदृढ हवी, आणि सुदृढ घोडीला मारवेल-पवन्याचें गवत हवें.

पावसाळ्यांत चंडोल व लावे त्याच गवतांत जमिनीवर अंडीं घालतात. तेव्हां कुरणाचे तीन भाग करून घोडी आळीपाळीनें चारावी. एक भाग बीं झडेपर्यंत राखावा. कापणी मध्यापासून कडेकडे करावी, म्हणजे पिलांना पळावयास वाट राहते. घोडीमागून मेंढ्या चाराव्या. घोड्याचे बहुतेक जंत मेंढीच्या पोटांत जगत नाहींत. जंतांचें औषध लीद तपासूनच द्यावें. आयव्हरमेक्टिनसारख्या औषधाचा अंश लिदींत उतरतो व शेणकिड्यांच्या अळ्या मारतो. आणि लीद मातींत मुरविणारे तेच किडे होत.

माळ नांगरला तर एखादें पीक पदरांत पडेल. पण घोडी दाव्याला येईल आणि चंडोलाचें गाणें तेथून कायमचें उठेल.