लक्ष नाही, की ऐकू येत नाही?

मी तोफखान्यातला माणूस. तोफांच्या आवाजाने कानाची आधी वरची पट्टी जाते, साधारण ४००० हर्ट्‌झच्या आसपासची. मग आवाज येतो, शब्द कळत नाही. ‘स’, ‘श’, ‘फ’ गळतात, स्वर तेवढे उरतात. घरचे म्हणायचे, ‘ऐकू तर येतंय, मग लक्ष कुठे असतं?’

हेच वाक्य मी बडोद्याला शाळेत रोज ऐकलंय, आणि तेव्हा कान ठणठणीत होते! प्रगतिपुस्तकात दरवर्षी एकच शेरा: हुशार, पण चंचल. वडिलांकडे त्यावर इलाज एकच, छडी. फौजेत मात्र निभलं. बिगूल, फॉलइन, रोल कॉल. दिवस दुसऱ्याने आखून दिलेला. निवृत्त झालो आणि ती आखणीच गेली. विजेची बिलं थकली, चष्मा फ्रिजमध्ये सापडू लागला. सगळ्यांनी दोष कानांना दिला. मीही.

६३व्या वर्षी श्रवणयंत्रं बसवली. शब्द परत आले, पण दोन वाक्यांनंतर मन पुन्हा खिडकीबाहेर. तेव्हा ऑडिओलॉजिस्टबाईंनीच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवलं. त्यांनी मागितली जुनी प्रगतिपुस्तकं. कारण मोठेपणी एडीएचडीचं निदान करायचं, तर लक्षणं १२ वर्षांच्या आतली असावी लागतात. आईने ती ट्रंकेत जपून ठेवली होती. छडीपेक्षा तेच कामाला आलं.

एडीएचडी बऱ्याचदा घराण्यातून येतो. नातू आठ वर्षांचा आहे, त्याच्या शाळेतूनही तोच शेरा आलाय. आम्ही आधी ऑडिओग्राम काढला. कान उत्तम आहेत. तरी तिथे थांबलो नाही. पुढची तपासणी सोमवारी आहे.