घरातल्या फटी



‘घरच्या एखाद्या उपयोगी गोष्टीवर चार शब्द बोलावेत’ असा मंडळाचा हुकूम आला, तेव्हा मी चटकन होकार दिला. मागाहून ध्यानात आले की, मला भाषण करता येत नाही. फटी बुजवता येतात. तेव्हा त्यांच्याविषयीच बोलते.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि तो सरळ वरून पडेल तर शपथ! नैर्ऋत्येचा वारा त्याला आडवा झोडपत आणतो. समुद्राच्या बाजूने वारा आत दाबला जातो, तोच पाणीही ओढून आणतो, आणि पलीकडच्या फटीतून निघून जातो. दि. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडाकडे किती छपरे उडाली ते आपण विसरलेलो नाही. आत शिरलेला वारा छप्पर खालून उचलतो, वरून जाणारा वर ओढतो.

फट शोधायला कारागीर नको. दारे-खिडक्या लावा, पंखा बंद करा आणि पेटलेली उदबत्ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवा. धूर जिथे वाकडा होईल तिथे फट. (पडदे मात्र आधी बाजूला घ्या, माझ्या एका पडद्याला अजून भोक आहे.) चौकट आणि भिंत यांमधली फट मे महिन्यात सिमेंटने किंवा लांबीने पक्की भरावी. पण दाराची हलती फट कधीही घट्ट भरू नये. उन्हाळ्यात सुकलेले लाकूड आषाढात फुगते आणि दार अडून बसते. तिथे रबराची पट्टी, नाहीतर उंबऱ्याशी जुन्या लुगड्याची वाळू भरलेली वळी पुरते.

आता जे सांगायचे ते जरा जड जाते. चार वर्षांपूर्वी झडीचे पाणी येते म्हणून न्हाणीघराची वरची जाळी मी प्लॅस्टिकने बंद केली. आत गॅसचा गीझर होता. सूनबाई न्हायला गेली ती हाकेला ओ देईना. मुलाने दार फोडले, तर ती खाली निपचित पडलेली. कोंडलेल्या खोलीत गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या प्राणवायूची जागा तोच घेतो. दोन दिवस ती इस्पितळात होती. डॉक्टर म्हणाले, ‘आणखी थोडा उशीर झाला असता तर...’ पुढचे मी ऐकलेच नाही.

आता गीझर बाहेरच्या भिंतीला आहे. जाळी मोकळी, आणि तिच्यावर पत्र्याची तिरपी छपरी. पाणी येत नाही, हवा खेळते. स्वयंपाकघराचे धुराडे आणि शेगडीजवळची खिडकीही मी कधी बुजवीत नाही.

सूनबाई आज इथे समोरच बसली आहे. तिने मला त्यावरून एका शब्दाने कधी बोलून दाखवले नाही. मीच सांगते, कारण परवा शेजारच्या एका न्हाणीघराच्या जाळीवर मला तसेच प्लॅस्टिक दिसले. उदबत्तीचा पुडा बरोबर आणला आहे. चहाच्या वेळी ज्यांना पाहायचे असेल त्यांना या सभागृहाच्याच खिडक्यांवर करून दाखवीन.