सुईचा भार



इंदूरकरांना ग्रॅमोफोनच्या तबकडीविषयी जिव्हाळा असावा, हे स्वाभाविकच आहे. होळकर दरबारातील सारंगीवादक शाहमीर खाँ यांचे चिरंजीव उस्ताद अमीर खाँ याच नगरीत वाढले आणि गायनाच्या एका घराण्याला या नगरीचे नाव लाभले. लता मंगेशकरांचा जन्मही २८ सप्टेंबर १९२९ रोजी येथलाच. त्यामुळे जुन्या मराठी घरांतील कपाटांत पुस्तकांच्या शेजारी तबकड्याही सापडतात. आजोबांच्या संग्रहातील अशी तबकडी हौसेने बाहेर निघते, नवे टर्नटेबल आणले जाते, आणि सुई टेकविली जाते. त्या क्षणी सुईचा भार किती आहे, हे मात्र क्वचितच कोणी पाहते.

ग्रंथ आणि तबकडी यांत एक भेद आहे. ग्रंथ शंभर जणांनी जपून वाचला तरी त्यातील अक्षर झिजत नाही. तबकडीवरील स्वर मात्र खाचेच्या भिंतींवर कोरलेला असतो आणि सुई त्या भिंतींना घासूनच तो वाचते. भिंत एकदा दुखावली की ती पूर्ववत होत नाही.

चावीच्या जुन्या ग्रॅमोफोनचा भार शंभर ग्रॅमच्याही पुढे असे. लाखेच्या त्या तबकडीत दगडाची बारीक पूड मुद्दाम मिसळलेली असे, म्हणजे पोलादी सुईच झिजून खाचेच्या आकाराची व्हावी. म्हणूनच प्रत्येक बाजूला नवी सुई लावण्याचा दंडक होता. १९४८ साली अमेरिकेत व्हिनाइलची दीर्घ तबकडी आली आणि हा हिशेब पार बदलला. मऊ व्हिनाइल आणि केसासारखी बारीक खाच! तिला आजच्या बहुतेक सुयांचा दीड ते अडीच ग्रॅम भार पुरतो. सराफ्यातील जुन्या मापाने दोन ग्रॅम म्हणजे जेमतेम सोळा गुंजा. परंतु सुईचे टोक इतके सूक्ष्म की, त्या सोळा गुंजांचा दाब स्पर्शाच्या जागी दर चौरस सेंटीमीटरला काही हजार किलोंपर्यंत जातो.

येथे एक गैरसमज फार रूढ आहे. भार जितका कमी तितकी तबकडी सुरक्षित, असे अनेकांना वाटते. वास्तविक भार अपुरा असला की जोरकस स्वराला सुई भिंतीपासून सुटते आणि पुन्हा तिच्यावर आदळते. या आदळण्याने होणारी हानी किंचित अधिक भाराने होणाऱ्या झिजेपेक्षा पुष्कळदा मोठी असते. अमीर खाँ यांची १९६० ची तबकडी घ्यावी. तिच्या एका बाजूस मारवा आहे, दुसऱ्या बाजूस दरबारी. तबकडी जसजशी मध्याकडे येते तसतशी खाचेची गती मंदावते. कडेला सेकंदाला सुमारे पन्नास सेंटीमीटर असलेली गती लेबलाजवळ वीसच्या आसपास उतरते. तीच लांबी तोकडी झाल्याने तेथे स्वर दाटीने कोरलेले असतात. विलंबित आलाप स्वच्छ ऐकू यावा आणि अखेरच्या द्रुत तानांवर आवाज फाटावा, असे झाले तर दोष गायकाचा नव्हे. आधी सुई तपासावी आणि भार मोजावा. भार अतिरेकी असेल तर आवाज दबतो, सुईची नाजूक दांडी वाकते, आणि झीज होते ती वेगळीच.

भार मोजण्याची रीत कठीण नाही; तिला धीर मात्र हवा. यंत्र प्रथम समतल ठेवावे. भुजेला बाहेर ओढणारी, आतली ओढ सावरण्यासाठी योजलेली कळ शून्यावर आणावी. मागचे वजन फिरवून भुजा हवेत आडवी तरंगती करावी, त्यावरील आकड्यांची चकती शून्यावर आणावी, आणि मग वजन फिरवून हवा तो भार द्यावा. एवढ्यावर विसंबून राहू नये. चकतीचे आकडे पुष्कळदा चुकतात. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखविणारा लहान इलेक्ट्रॉनिक काटा आणून पडताळावे. काट्याचा पृष्ठभाग तबकडीच्याच उंचीवर असावा, कारण अनेक भुजांचा भार उंचीप्रमाणे बदलतो. काट्याचे तासही लोखंडी नसावे, नाही तर पिकअपमधील चुंबक त्याला ओढतो आणि आकडा फसवा येतो. मापण्यापूर्वी ठाऊक वजनाने काटाही पारखून घ्यावा. सराफ आपला तराजू पारखतो, त्यातलाच हा प्रकार. चकती अर्थातच स्थिर असावी.

निर्मात्याने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या अर्ध्या भागात भार ठेवणे बहुधा हितावह ठरते. काही पुस्तिकांत तो मिलिन्यूटनमध्ये असतो; वीस मिलिन्यूटन म्हणजे सुमारे दोन ग्रॅम. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीला हे माप लागू नाही. तिची खाच रुंद असते. तिला जाड टोकाची निराळी सुई आणि साधारण तीन ते पाच ग्रॅम भार लागतो. दीर्घ तबकडीची सुई तिच्यावर चालविली तर ती खाचेच्या तळाशी घसरते आणि धूळ वाचते.

सुई बदलल्यावर, तसेच दोन-तीन महिन्यांनी एकदा, हे माप पुन्हा घ्यावे. ग्रंथाच्या अखेरच्या पानावर तारखेची चिठ्ठी चिकटविलेली असते, तशी एक चिठ्ठी तबकडीच्या वेष्टनात असावी. तिच्यावर तारीख, सुईचे नाव आणि भार एवढेच लिहावे.