हो की नाही: ताजिकिस्तानची एक मतपत्रिका

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि पंधरा देश झाले. त्यातल्या फक्त ताजिकिस्तानबद्दल बोलतो. "मुस्लिमबहुल देश आहे, तिथे आपल्या माणसांना कसला त्रास?" असं आपल्यातले बरेच जण सहज बोलून जातात, म्हणून.

इमोमाली रहमोन तिथे १९९२ पासून सत्तेवर आहेत. १९९७ मध्ये यादवी युद्ध थांबलं ते एका करारावर: सरकारी पदांमध्ये विरोधकांना ३० टक्के वाटा. इस्लामिक रेनेसान्स पार्टी त्यातूनच कायदेशीर झाली. मध्य आशियात असा दुसरा अधिकृत पक्ष नव्हता.

पुढे हा वाटा आटत गेला. २०११ च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांना मशिदीत जायला बंदी केली, जनाजा तेवढा अपवाद. २०१४ मध्ये 'ग्रुप २४' या सेक्युलर विरोधी गटावर बंदी आली. २०१५ मध्ये रेनेसान्स पार्टी दहशतवादी ठरली. दीनवाला असो की सेक्युलर, सत्तेला अडचण विरोधाची होती.

आता माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. ॲप टाकताना आपण न वाचता 'मान्य' दाबतो ना? मे २०१६ मध्ये ताजिक मतदारांपुढे तशीच मतपत्रिका आली. घटनादुरुस्त्या अनेक, प्रश्न एकच: मान्य की अमान्य? त्यात धर्माधारित पक्षांवर बंदी होती. रहमोन यांच्यापुरती मुदतीची मर्यादा उठणार होती. आणि राष्ट्राध्यक्षाचं किमान वय ३५ वरून ३० वर येणार होतं. त्यांचा मुलगा रुस्तम तेव्हा २८ वर्षांचा, २०२० च्या निवडणुकीपर्यंत तिशी ओलांडणारा! एखाद्याला धर्माचे पक्ष नकोत, पण घराणंही नको, तर त्याने मत कुठे द्यायचं? अधिकृत निकालात ९४ टक्क्यांहून जास्त लोक 'हो' म्हणाले.

२०२० मध्ये शेवटी वडीलच पुन्हा उभे राहिले. रुस्तम त्याच वर्षी संसदेच्या वरच्या सभागृहाचे अध्यक्ष झाले. राष्ट्राध्यक्षपद अचानक रिकामं झालं, तर कारभार त्याच खुर्चीकडे जातो.

तिथे घटना आहे, न्यायालयंही आहेत. २०१५ मध्ये रेनेसान्स पार्टीचे नेते पकडले गेले, तेव्हा बुझुर्गमेहर योरोव नावाचे वकील त्यांच्या बचावासाठी पुढे आले. थोड्याच दिवसांत त्यांनाच उचललं. २०१६ मध्ये शिक्षा झाली, २३ वर्षं.

इथे लॉ करणारे तीन-चार जण बसलेत. हे नाव लिहून घ्या. आता प्रश्न विचारा.